राजशेखररावांचं नाव : सर्व हक्क राखीव

राजशेखर तोडकरांच्या स्कूटरचा मागचा टायर राजारामपुरीत पंक्चर झाला, आणि पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानाला लागूनच आकारामचा नेट कॅफे होता. एवढीच काय ती मूळ चूक. तोच टायर जरा पुढं जाऊन बसला असता, तर तिथं उसाच्या रसाचं दुकान होतं. तोडकर एक ग्लास रस पिऊन, मिशा पुसून घरी गेले असते आणि आपल्याला सांगायला काहीच उरलं नसतं. पण पंक्चरवाला म्हणाला, "जरा टाइम लागंल, पावणं," आणि तोडकर वेळ काढायला आकारामकडं शिरले.

ही दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. तेव्हा राजारामपुरीत प्रत्येक गल्लीत एक क्लास, एक दवाखाना आणि एक नेट कॅफे असायचाच. तोडकर एका पतसंस्थेत हेडक्लार्क होते. वय पन्नाशीकडं झुकलेलं, केस त्याच्या आधीच झुकून गेलेले. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यावर ते मराठी टायपिंग शिकले होते आणि त्या एका विद्येवर आपण जगाच्या बरोबरीनं चाललो आहोत, अशी त्यांची समजूत होती. आकारामनं त्यांना खुर्ची दिली आणि दाखवलं की आता नेटवर मराठीसुद्धा वाचता येतं. कुणी खर्डा कसा करायचा ते लिहिलं होतं, कुणी आपल्या कुत्र्यावर कविता केल्या होत्या, आणि कुणी तरी दिले होते उखाणे.

तोडकरांनी ते वाचले आणि त्यांच्या तोंडाची चव गेली. सगळे शिळे. तेच ताट, तीच वाटी, तोच चांदीचा पाट. ह्याला जर लोक उखाणे म्हणत असतील, तर आमच्या घरात जे चाललंय त्याला काय म्हणायचं, असं त्यांच्या मनात आलं. (मनात आलेलं मनातच ठेवावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.)

कारण तोडकरांच्या घरात खरोखरच काहीतरी चाललेलं असायचं. त्यांच्या पत्नी विद्याश्रीबाई उखाणे करून द्यायच्या. माहेर गडहिंग्लजचं, शिक्षण मॅट्रिक, पण कोल्हापुरात कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं डोहाळजेवण आलं, की बायका खण-नारळ घेऊन सातव्या गल्लीत तोडकरांचं दार वाजवायच्या. विद्याश्रीबाई आधी चौकशी करायच्या. नवरा काय खातो, कशावर चिडतो, पहिल्या दिवशी काय बोलला. मग तांदूळ निवडता निवडता दोन ओळी तयार व्हायच्या आणि त्या त्या बाईच्या कानात सांगायच्या. कागदावर काही नाही. आणि नियम एकच: एका बाईचा उखाणा दुसरीला द्यायचा नाही. "साडी एक वेळ दुसरीची नेसता येतीय," त्या म्हणायच्या, "उखाणा न्हाय."

कानात सांगितलेलं ऐकू येऊ नये, अशी सोय मात्र तोडकरांच्या घरात नव्हती. दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडं पेपर वाचत बसलेल्या तोडकरांना सगळे उखाणे पाठ झाले होते. ज्या डोक्यात गॅसचं सिलेंडर संपल्याचं दुपारपर्यंत टिकत नसे, त्यात ह्या दोन-दोन ओळी वर्षानुवर्षं पक्क्या बसल्या होत्या.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. विद्याश्रीबाई नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या. लोकांत बोलताना 'हे' आणि रागात 'काय म्हणायचं ह्या माणसाला'. राजशेखर हे नाव त्यांच्या तोंडून वर्षातून एकदाच बाहेर पडायचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बायका आग्रह करायच्या आणि विद्याश्रीबाई स्वतःसाठी नवा कोरा उखाणा घ्यायच्या. त्या दिवशी तोडकर पोट बिघडल्याचं सांगून ऑफिसातून लवकर सुटायचे आणि स्वयंपाकघरात पडद्यामागं उभे राहायचे. आपलं नाव ऐकलं की ते हळूच पाणी प्यायचे. तहान लागलेली नसायची, पण काहीतरी करायला हवं म्हणून. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि विद्याश्रीबाईंना माहीत नव्हतं असं समजण्याइतके ते भोळे होते.

तर पंक्चर निघेपर्यंत तोडकरांचं ठरलं होतं. हे सगळं हवेत विरून जातंय, ते जपलं पाहिजे. आकारामनं ब्लॉग काढून दिला. लेखकाचं नाव कुठलं, असं त्यात विचारलं होतं. तोडकरांची बोटं क्षणभर थांबली. मग घरातलंच आहे, असं म्हणून त्यांनी टाइप केलं: राजशेखर तोडकर यांचे उखाणे. (बोटांना सवय होती. ऑफिसात दुसऱ्यानं केलेल्या प्रत्येक कागदाखाली ते अशीच सही करत.)

"पण साहेब," आकाराम म्हणाला, "नेटवर टाकलं म्हंजी गल्लीत वाळत घातल्यागत हाय. कोणबी उचलून नेतंय. कायतरी खूण घाला."

"कसली खूण?"

"उखाण्यात नावाची जागा असतीय न्हवं? तिथं तुमचंच नाव घाला सगळीकडं. चोरानं उचललं की तुमचं नाव घिऊनच जाणार. कुठंबी घावतंय मग."

तोडकरांना ही युक्ती इतकी आवडली, की त्यांनी आकारामला चहा पाजला. पुढं रोज संध्याकाळी ते कॅफेत बसून टाइप करू लागले. विद्याश्रीबाईंना सांगितलं होतं, ऑफिसात ऑडिट आहे. बाळासाहेब, तुकाराम, दिलीपराव अशा सगळ्या नवऱ्यांना त्यांनी एकेक करून हाकललं आणि त्यांच्या जागी राजशेखरराव बसवले. अशा रीतीनं ते कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांचे नवरे झाले आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. प्रत्येक पानाखाली जाड अक्षरात लिहिलं: सर्व हक्क राखीव, परवानगीशिवाय वापर केल्यास कायदेशीर कारवाई.

लोक खरंच वाचू लागले. गंगावेशीतल्या शालूबाईंच्या घरी म्हशी होत्या. त्यांच्या सुनेसाठी विद्याश्रीबाईंनी केलेला उखाणा असा होता:

सासूबाईंच्या म्हशीचं दूध, त्याला साय जाड,
राजशेखररावांच्या घरात माझे सगळेच करतात लाड.

(मूळचा 'दिलीपरावांच्या'.) त्यावर थेट अमेरिकेतून एका बाईंनी कळवलं, की आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात तुमचा म्हशीचा उखाणा फारच गाजला. तिथं ना सासू होती ना म्हैस, पण गाजला. तोडकरांनी उत्तर दिलं, 'धन्यवाद. आपल्यासारख्या रसिकांमुळंच लिहायला हुरूप येतो.' हे टाइप करताना त्यांना एकदा बायकोची आठवण झाली. योग्य वेळ आली की तिला सगळं सांगू, असं त्यांनी ठरवलं. तोडकरांच्या आयुष्यात योग्य वेळ ही नेहमी दुसरंच कुणीतरी ठरवत असे.

ह्या वेळी ती गणपतराव इंगवल्यांनी ठरवली. गणपतराव पतसंस्थेचे मॅनेजर, म्हणजे तोडकरांचे साहेब. आवाज असा, की केबिनचं दार बंद असलं तरी बाहेरच्या कर्जदाराला आपली सगळी परिस्थिती कळायची. त्यांचा मुलगा विश्वजित वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला, बोलायला लागला की थांबायचा नाही. मुलगी बघायला गेला तेव्हाही म्हणे त्यानं उसाच्या दरावर भाषण केलं आणि मुलीच्या वडिलांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. मुलगी मोना, पुण्यात वाढलेली, कॉम्प्युटर शिकलेली, स्वभावानं गरीब. लग्न कोल्हापुरात, मोठ्या कार्यालयात. तोडकर सपत्नीक हजर होते.

पंगतीत नवरा-नवरी एकमेकांना घास भरवायला लागले तशी नाव घ्या, नाव घ्या, अशी ओरड झाली. हौशी पाहुण्यांनी माइकच आणून नवरीच्या हातात दिला. मोनाला उखाणा कुठून येणार? तिनं नेटवरून एक उतरवून चिठ्ठी तळहातात लपवून आणली होती. घेताना नाव बदलायचं, हे तिला माहीत होतं. पण समोर सहाशे माणसं, एका हातात माइक, शेजारी बोलत सुटलेला नवरा आणि डोक्यावर मुंडावळ्या. तिनं चिठ्ठी उघडली आणि जशी होती तशी वाचली:

बघायला आले, पोहे खाल्ले, बोलले नाहीत एक शब्द,
राजशेखररावांच्या मौनातच होतं माझं प्रारब्ध.

पहिल्यांदा कुणी तरी टाळी वाजवली. मग ती टाळी एकटीच पडली. सगळं कार्यालय गप्प झालं, आणि असं म्हणतात की विश्वजित आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा गप्प झाला. त्याच्या हातातली जिलेबी तशीच हवेत राहिली.

नवऱ्या मुलाची आत्या बाळाबाई पुढच्याच पाटावर होती. तिनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "आधी कोण बघून गेलतं व्हय गं तुला?"

मोनाचे वडील घाईघाईनं उभे राहिले आणि सांगू लागले, की राजशेखर नावाचं स्थळ कधी आलंच नव्हतं. पण लोकांना ते पटेना. उखाण्यात सगळं आलं होतं. मुलगा आला होता, पोहे खाल्ले होते, आणि जो एक शब्दही बोलला नाही तो विश्वजित असणं शक्यच नव्हतं. म्हणजे दुसराच. आणि मुलीचा जीव अजून त्याच्यातच अडकलेला. कुजबुज ताटांवरून पुढं पुढं सरकत गेली, आणि ती ऑफिसच्या लोकांपर्यंत पोचली तेव्हा कॅशियर ज्ञानू पाटील सहज म्हणाला, "राजशेखर म्हंजी आपलं तोडकरच की."

सगळी पंगत तोडकरांकडं बघू लागली. तोडकरांच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. तो त्यांनी तोंडाला लावला आणि तिथंच धरून ठेवला, पण ग्लासामागं लपण्याइतका माणूस बारीक नव्हता.

गणपतराव स्वतः चालत आले. त्यांनी आवाज खाली ठेवला होता, म्हणजे तो फक्त कार्यालयातच ऐकू गेला.

"तोडकर, तुम्ही कधी गेलतासा पोरगी बघायला?"

"साहेब, मी कशाला जाईन? माझं वय काय..."

"त्येच इचारतोय."

"मी पोहे खाल्लेत साहेब, पण दुसरीकडं. वीस-बावीस वर्षांमागं. गडहिंग्लजला."

"मग आमच्या सुनंच्या तोंडात तुमचं नाव कसं?"

खरं म्हणजे इथं चूक झाली म्हणून हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. पण गेले काही महिने तोडकर लेखक होते, आणि लेखकाचा जीव वेगळाच अडकलेला असतो. ते ताठ झाले आणि म्हणाले, "साहेब, नियमानं बघितलं तर हा कॉपीराइटचा भंग हाय. खाली स्पष्ट लिहिलंय. परवानगीशिवाय वापर केल्यास कायदेशीर कारवाई."

लग्नमंडपात नवरीवर केस करायची भाषा कोल्हापुरानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मोना माइक हातात धरूनच रडायला लागली, त्यामुळं ते रडणंही सगळ्यांना नीट ऐकू आलं. "मी चोरी नाही केली," ती म्हणत होती, "ते नेटवर होतं."

तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून विद्याश्रीबाई उठल्या. उखाण्याची पहिली ओळ कानावर पडल्यापासून त्यांनी घास गिळला नव्हता. नवऱ्याकडं न बघता त्या सरळ नवरीजवळ गेल्या. पदरानं तिचे डोळे पुसले, विश्वजितकडं एकदा निरखून बघितलं आणि मोनाच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. मोनानं नाक ओढलं आणि माइकवर म्हणाली:

चुकलेली चिठ्ठी फाडून टाकली, सरळ धरली वाट,
विश्वजितरावांनी बोलावं आणि मी ऐकावं, हीच बांधली गाठ.

कार्यालय हसून हसून लोळलं. बाळाबाईंनी नवरीची दृष्ट काढली. विश्वजितनं जिलेबी भरवली आणि लगेच आभाराचं भाषण सुरू केलं. गणपतराव पुन्हा मोठ्यानं बोलू लागले, म्हणजे सगळं सुरळीत झालं. फक्त तोडकरांचं काही सुरळीत झालं नाही.

विद्याश्रीबाई स्कूटरवर मागं बसून घरी निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी विचारलं, "त्याच्यात सगळे हायत?"

"सगळे," तोडकर म्हणाले. कारण अजूनही त्यांना ही शाबासकीची सुरुवात वाटत होती.

"माझा मी लग्नात घेतला, तो मी एकदाच घेतलेला. तुमच्यासाठी. परत कधी घेतला न्हाय, कुणाला दिला न्हाय. त्योबी घातलासा."

तोडकरांनी स्कूटर दारात लावली आणि उगाच ती किल्लीनं तीनदा बंद केली. मुलगी बघायला गेल्यावर पोहे खाऊन आपण गप्प बसलो होतो, त्या गप्प बसण्याचं ह्या बाईनं सोनं केलं होतं, आणि ते आपण सगळ्या जगाला वाटून टाकलं, वर आपलं नाव लावून. हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. या वेळी पोट खरंच बिघडलं.

पुढचे दिवस वाईट गेले. शालूबाई दारात येऊन तणतणून गेल्या. त्यांच्या सुनेच्या बहिणीच्या लग्नात नवरीच्या जावेनं तोच म्हशीचा उखाणा घेतला होता, आणि सुनेला सगळ्यांनी विचारलं होतं की तू नेटवरचा घेतलास काय. आमच्या म्हशी तुम्ही विकल्या, असं शालूबाईंचं म्हणणं होतं. बायकांचं येणं थांबलं. दारावरची कडी वाजेना. विद्याश्रीबाई तांदूळ निवडायच्या आणि ते फक्त तांदूळच असायचे.

त्यातच तोडकरांना महाद्वार रोडवर एका हातगाडीवर एक पुस्तिका दिसली, 'नववधूंसाठी निवडक उखाणे'. उघडून बघतात तर सगळे आपलेच. राजशेखररावांच्या जागी टिंबं टाकलेली. आकारामचं भक्कम कुलूप चोरानं खोडरबरानं उघडलं होतं. तोडकरांना एकदम बळ आलं. आता चोर दुसरा सापडला होता. ते तडक मेव्हण्याकडं गेले. संगमेश, विद्याश्रीबाईंचा धाकटा भाऊ, कोर्टात वकिली करायचा.

"नोटीस काढ," तोडकर पुस्तिका आपटून म्हणाले.

संगमेशनं पुस्तिका चाळली. त्याला सगळी हकीकत आधीच फोनवर कळली होती, पण ती दाजींच्या तोंडून ऐकायची मजा त्याला सोडायची नव्हती.

"दाजी, हे रचलं कुणी?"

"रचलं तिनं. टाइप मी केलं."

"टायपिस्टला हक्क मिळत नसतोय. जो रचतोय त्याचा हक्क. आक्कानं तुम्हाला परवानगी दिलती?"

"घरात कसली परवानगी?"

"म्हणजे न्हाय. नाव कुणाचं लावलंसा?"

तोडकर खिडकीतून बाहेर बघू लागले.

"हे बघा," संगमेश खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "केस चांगली हाय. परवानगीशिवाय छापलं, वर दुसऱ्याच्या नावावर खपवलं. आक्कानं सही दिली तर उद्याच नोटीस काढतो. पण पत्ता सातव्या गल्लीचा घालावा लागंल. पहिला चोर तुम्ही, गाडीवाला दुसरा."

तोडकर उठले. आकारामकडं जाऊन त्यांनी ब्लॉग पुसून टाकायला लावला. आकारामनं तो पुसला आणि दिलासा दिला, की साहेब, आता काय उपयोग, गावभर झालं की. तोडकरांनी त्याला चहा पाजला नाही.

संक्रांत आली. विद्याश्रीबाईंनी हळदीकुंकू ठेवलं, कारण ते न ठेवणं म्हणजे बोलायला जागा देणं. बायका आल्या, काही नुसतं काय होतंय ते बघायलाही आल्या. शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोडकर लवकर सुटून पडद्यामागं होतेच. पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. कुणीतरी सवयीनं म्हणालं, वहिनी, नाव घ्या.

"ह्यांचं नाव घ्यायला आता बायका पुष्कळ झाल्यात," विद्याश्रीबाई वाणाची ताटं सारखी करत म्हणाल्या. "अमेरिकेतल्यासुद्धा. मी कशाला घेऊ?"

बायका हसल्या, पण विद्याश्रीबाई हसल्या नाहीत. पडद्यामागं तोडकरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वर्षातला तो एक दिवस गेला, आणि बहुतेक पुढचेही सगळे गेले. हे त्यांना सोसेना. ज्या माणसानं पोहे खाताना तोंड उघडलं नव्हतं, तो पडदा बाजूला सारून बायकांच्या मध्ये येऊन उभा राहिला. हळदीकुंकवात पुरुष आलेला कुणी बघितला नव्हता. एकदोघींनी पदर सावरले.

"मी घेतो नाव," तोडकर म्हणाले. पाण्याचा तांब्या आत राहिला होता. "हे कुणाचं उचललेलं न्हाय. माझं स्वतःचं हाय."

आणि त्यांनी, हात जोडून, डोळे मिटून, घेतला:

कॉम्प्युटरला असतो माऊस, माऊसला असते वायर,
विद्याश्री म्हणजे संसाराची गाडी, आणि मी तिचा टायर.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग शालूबाईंनी विचारलं, "टायर?"

"वायरला जुळतंय," तोडकरांनी खुलासा केला. "आणि पंक्चर माझाच झालेला. सगळं तिथनं सुरू झालं. माझं चुकलं. जे माझं नव्हतं ते मी दिलं, वर माझं नाव लावून दिलं. तुमचंबी चुकलं शालूबाई, म्हंजी तुमच्या बाबतीत माझं चुकलं."

विद्याश्रीबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडतात. मग खांदे हलायला लागले, आणि मग पदरातून टायर, टायर, असं ऐकू आलं आणि सगळ्या खोलीचा बांध फुटला. शालूबाईंना तर ठसका लागला, त्यांना आतलं पाणी द्यावं लागलं. हसू ओसरल्यावर विद्याश्रीबाईंनी डोळे पुसले. नवऱ्याकडं बघितलं. केस गेलेला, घामेजलेला, उभं कसं राहावं हे न कळून हळदीकुंकवाची कोयरी हातात धरून उभा असलेला तो माणूस. आणि बायकांकडं वळून, कुणी न सांगता, त्या म्हणाल्या:

तीळ भाजले मंद आचेवर, गूळ घेतला चिरून,
राजशेखररावांचं नाव आलं घरी, जगभर फिरून.

तोडकर पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गावभर झालंच आहे तर नीट तरी होऊ दे, असं म्हणून पुढं विद्याश्रीबाईंनीच ब्लॉग पुन्हा काढायला लावला, पण त्यांच्या नियमानं. वर नाव विद्याश्री तोडकर. आत फक्त असेच उखाणे, जे दुसऱ्यांनी घ्यायला मूळ बाईची ना नाही, आणि नावाची जागा मोकळी. ज्या बाईचा उखाणा, तिला आधी विचारायचं. ते काम तोडकरांकडं आलं. ते पेठापेठांतून दारं वाजवत, वहिनी, तुमचा उखाणा नेटवर ठेवू का, असं विचारत हिंडले आणि काही ठिकाणी त्यांना आधी वहिनींच्या नवऱ्याला सगळं समजावून सांगावं लागलं. शालूबाईंनी म्हशीची परवानगी दिली. पोह्यांच्या उखाण्याची मात्र विद्याश्रीबाईंनी दिली नाही. तो फिरायचा तेवढा फिरला, आपण होऊन द्यायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

सगळ्यात शेवटी एक उखाणा तोडकरांचा. टायरचा. त्याच्याखाली त्यांनी जाड अक्षरात लिहिलं: हा उखाणा कुणीही घ्यावा, छापावा, वाटावा. परवानगी नको, नाव नको, कसलाही हक्क राखीव नाही. जगाला आपणही काहीतरी आपलं म्हणून दिलं, ह्या समाधानात ते काही महिने होते.

एके दिवशी महाद्वार रोडवर त्याच हातगाडीवर पुस्तिकेची नवी आवृत्ती लागलेली दिसली. 'सुधारित आणि वाढवलेली', असं वर लिहिलं होतं. ह्या वेळी तोडकरांना राग आला नाही. त्यांनी ती घाईघाईनं उघडली. सगळं होतं. ब्लॉगवरचे उखाणे ओळीनं होते. टायपिंगच्या चुका जशाच्या तशा होत्या. तळाशी 'विद्याश्री तोडकर यांच्या परवानगीने' हेसुद्धा बिनपरवानगीनं छापलं होतं. शेवटचं पान त्यांनी दोनदा उलटलं. मग पुस्तिका झटकून बघितली.

"ह्यातला शेवटचा एक राहिलाय," त्यांनी गाडीवाल्याला शक्य तितक्या सहज विचारलं. "टायरचा. तो फुकट होता, कुणीही घ्या म्हणून लिहिलंतं."

"बघितला की," गाडीवाला पुस्तिका पुन्हा गठ्ठ्यात नीट लावत म्हणाला. "पण न्हाय घेतला, पावणं. आमचंबी बाजारात कायतरी नाव हाय."